दुसरी फेरी की दुसरी पसंती?

राष्ट्राध्यक्ष थेट जनतेने निवडावा आणि निम्म्याहून जास्त मतदार त्याच्या पाठीशी असावेत, इथवर एकमत असेल तर पुढचा पेच असा: पहिल्या मोजणीत कुणीच पन्नास टक्क्यांवर गेलं नाही तर काय करायचं? फ्रान्समध्ये पहिल्या दोघांत दोन आठवड्यांनी पुन्हा मतदान होतं. श्रीलंकेत मतदार एकाच मतपत्रिकेवर १, २, ३ असा पसंतीक्रम देऊ शकतो. पहिले दोघे सोडून बाकीचे बाद होतात आणि बाद झालेल्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजतात.

कागदावर श्रीलंकेची युक्ती सरस वाटते: खर्च एकदाच, प्रचारही एकदाच. पण २०२४ मध्ये ती प्रथमच वापरायची वेळ आली. रिंगणात ३८ उमेदवार. अनुरा कुमारा दिसानायके ४२ टक्क्यांवर थांबले होते. दुसऱ्या मोजणीत त्यांना जेमतेम लाखभर मतं वाढली, सजित प्रेमदासांना थोडी जास्त. बाद झालेल्यांच्या बहुतेक मतपत्रिका या दोघांपैकी कुणाच्याच कामी आल्या नाहीत. दिसानायके जिंकले, पण एकूण वैध मतांच्या निम्म्यापर्यंत पोचले नाहीतच. शेवटी कोण दोघं उरणार हे मतदाराला आधी कळत नाही, गोम तिथे आहे.

फ्रान्समध्ये ते कळतं. २००२ मध्ये डाव्यांची मतं फुटली, त्यांचे मुख्य उमेदवार जोस्पँ तिसरे आले आणि अतिउजवे ल पेन दुसऱ्या फेरीत गेले. पहिल्या फेरीत २० टक्केही न मिळवलेल्या तेव्हाच्या अध्यक्ष शिराक यांना मग ८२ टक्के पडले. जोस्पँ गेले ते गेलेच, हा या पद्धतीचा दोष. तरी लोकांना विचार बदलायला वेळ मिळाला.

संसदेसाठी मात्र माझा कौल उलटा. फ्रान्सच्या ५७७ मतदारसंघांतही दोन फेऱ्या असतात, पण इथे दुसऱ्या फेरीत दोघांहून जास्त उमेदवार जाऊ शकतात. २०२४ मध्ये अतिउजव्यांविरुद्धची मतं फुटू नयेत म्हणून दोनशेहून जास्त उमेदवारांनी मधल्या दिवसांत माघार घेतली आणि मतांत आघाडीवर असलेला पक्ष जागांत तिसरा आला. बहुमत कुणालाच नाही. श्रीलंकेच्या २२५ पैकी १९६ जागा जिल्ह्यांतून आणि २९ राष्ट्रीय यादीतून प्रमाणशीर पद्धतीने भरतात. मतदार पक्षाबरोबर त्यातले पसंतीचे उमेदवारही निवडतो, त्यामुळे एकाच पक्षाचे उमेदवार या मतांसाठी आपापसांत भांडतात, ती डोकेदुखी वेगळी. पण मतं आणि जागा यांचा मेळ जास्त बसतो.

थोडक्यात, अध्यक्ष फ्रान्सच्या रीतीने आणि संसद श्रीलंकेच्या. दोन फेऱ्यांचा खर्च झेपत नसेल, तर निदान दुसरी पसंती लिहिणं सक्तीचं करा.