काचेचे लॉकवाले डबे: केळीच्या बागांत आठ महिने

गेल्या ऑक्टोबरात माझा तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट ६.२ आला. डॉक्टर म्हणाले, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, आत्ताच सावरा. माझं काम ठिबकची जोडणी आणि दुरुस्ती. सकाळी आठला जळगावहून मोटारसायकल काढायची आणि यावल, फैजपूर, सावदा, रावेर या पट्ट्यात केळीच्या बागा करत फिरायचं. दुपारी भूक लागेल तिथं कचोरी, नाहीतर ढाब्यावर तर्रीवाली शेवभाजी आणि चार पोळ्या. अठरा वर्षं हेच चाललं होतं. त्या रिपोर्टनंतर ठरवलं, दुपारचं कच्चं आणि कडधान्याचं घरून न्यायचं. त्यासाठी डबा शोधायला निघालो.

फुले मार्केटजवळच्या भांड्यांच्या दुकानातून तीन काचेच्या डब्यांचा संच घेतला, ७८० रुपयांना. बोरोसिलिकेट काच, प्रत्येकी ६४० मिली, झाकणाला चारही बाजूंनी लॉक आणि आतून सिलिकॉनची रिंग. झाकण प्लास्टिकचं आहे, त्याच्या पोटावर त्रिकोणात ५ आकडा आहे, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. दुकानात तीन कप्प्यांचाही डबा होता. दिसायला छान, पण झाकण लावून पाणी घालून हलवून पाहिलं तर बाहेर थेंब नाही, आत मात्र एका कप्प्यातलं पाणी दुसऱ्यात. त्याची रिंग कडेलाच होती, मधल्या भिंतीवर नव्हती. लिंबू-मिठाचं पाणी पाल्यात गेलं की संपलं सगळं. म्हणून साधाच घेतला.

घरी आल्यावर तिन्ही डबे पाण्यानं भरले, लॉक लावले आणि रात्रभर वर्तमानपत्रावर पालथे ठेवले. सकाळी कागद कोरडा. आठ महिन्यांनी आजही दोन डबे तितकेच घट्ट आहेत.

दोनच, कारण तिसरा डिसेंबरात फुटला, आणि चूक माझी. डिक्कीत पाईप पान्ह्याशेजारी ठेवला होता, सावद्याच्या अलीकडे गतिरोधकावर गाडी उडाली आणि डब्याची कड गेली. काचेच्या बारीक कपच्या मटकीत. ते जेवण तिथंच बांधून टाकून दिलं. बोरोसिलिकेट काच गरम-थंड सोसते, कारण ती साध्या काचेच्या जवळपास एक तृतीयांशच प्रसरण पावते. लोखंडाचा मार मात्र तिलाही सोसत नाही. आता डबा जाड टॉवेलात गुंडाळून, वेगळ्या पिशवीत, पाठीवर. भरलेला डबा किलोभर होतो. रोज चालत किंवा गर्दीच्या एस.टी.त जाणाऱ्यांना हे वजन जाणवेल. त्यांनी स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा घ्यावा.

मग काच कशाला? वासासाठी. आधीच्या प्लास्टिकच्या डब्यात कांद्याची पात एकदा नेली की आठवडाभर वास जात नव्हता. काचेत तो राहत नाही. राहतो तो रिंगेत. पहिले पंधरा दिवस मी झाकण नुसतं वरून धूत होतो आणि वास कुठून येतो ते कळेना. मग सुरीच्या बोथट टोकानं रिंग उचलली, तर खालच्या खाचेत तेल आणि शेंगदाण्याच्या कुटाची काळपट रेघ. आता दर दोन दिवसांनी रिंग काढून धुतो, पूर्ण वाळवतो, मगच बसवतो. सुटी रिंग मात्र त्या दुकानात मिळत नाही, आणि ही मला या संचातली खरी उणीव वाटते.

आता आत काय भरतो ते. लेट्यूस, ऑलिव्ह यांच्या मागे मी गेलोच नाही. आपल्याकडे मेथीचा घोळाणा आहे. कच्ची मेथी, कांद्याची पात, टोमॅटो, शेंगदाण्याचा कूट, तिखट, मीठ, वरून कच्चं तेल. आई शेतात भाकरीबरोबर हेच न्यायची. फक्त ती मेथी तिथंच बांधावर खुडायची, आणि मला बुधवारपर्यंतची रविवारी रात्री भरायची असते.

पहिल्या आठवड्यात घोळाणा सगळा कालवून भरला. मंगळवारी मेथी काळी पडलेली, तळाला पाणी, कुटाचा लगदा. मीठ लागलं की काकडी-टोमॅटो पाणी सोडतात आणि पाला त्यात बसतो. बायको म्हणाली, "अहो, मीठ आणि पाला एकत्र कशाला ठेवता? आणि पाला तरी कोरडा करा." तेव्हापासून मेथी धुऊन पंच्यावर पसरतो, पंख्याखाली तासभर. पानं अख्खी ठेवतो, चिरत नाही. तळाला वाफवून पूर्ण गार केलेली मोडाची मटकी किंवा शिजवलेले हरभरे, त्यावर मुळा-गाजराचे जाड तुकडे, सगळ्यात वर मेथी आणि पात. मटकी कोमट असली तरी झाकणाला आतून घाम येतो आणि तो पाल्यावर टपकतो. कूट, तिखट, मीठ छोट्या स्टीलच्या डबीत, तेल बाटलीत, लिंबू आणि टोमॅटो अख्खे, तिथंच कापायचे. मोड कच्चे नेत नाही. ओलाव्यात जंतू वाढतात, वाफवलेलं बरं. अशी भरलेली मेथी फ्रिजमध्ये तिसऱ्या दिवशीही हिरवी असते. चौथ्या दिवसासाठी भरू नका. बुधवारी रात्री पुन्हा भरतो.

जानेवारीत रावेरजवळ बांधावर डबा उघडला, तर बागेचे मालक आबा जवळ येऊन बसले. "हे काय खाऊन राहिले भो, घोळाणा? काचेत?" मी अर्धा त्यांना दिला, त्यांनी कळण्याची भाकरी आणि ठेचा दिला. डबा बंद करून ठेवला तरी मेथीचा करकरीतपणा तसाच होता, हे त्यांनीच बोलून दाखवलं.

खरी परीक्षा मे महिन्याची. आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो आणि डिक्कीत हात घालवत नाही. ३२ अंशांच्या वर असं अन्न थंडाव्याशिवाय तासाभरापेक्षा जास्त ठेवू नये, हा नियम मी पाळतो. म्हणून थर्मल पिशवी आणि दोन जेलचे पॅक घेतले, ३५० रुपयांना. पॅक रात्रभर फ्रीझरमध्ये, एक डब्याखाली, एक वर. मे मध्ये साडेअकराला उघडलं तर डबा हाताला गार लागायचा. एकला उघडलं तर पॅक वितळलेला. म्हणून उन्हाळ्यात जेवण साडेअकरालाच, मग पुढचं काम. उन्हाळ्यात मेथीही धड मिळत नाही. तेव्हा कोबी, काकडी आणि कैरीच्या फोडी नेतो. दही मे-जूनमध्ये अजिबात नेत नाही. पिशवीची चेन दोन महिन्यांत तुटली, शिंप्याकडून पन्नास रुपयांत नवी लावून घेतली.

मार्चमध्ये साखर ५.९ आली. रोज संध्याकाळी चालतोही, त्यामुळे श्रेय एकट्या डब्याचं नाही.

घ्यायचा असेल तर ६४० मिलीचा साधा, बिनकप्प्यांचा घ्या. ४०० मिलीत पाला दाबून भरावा लागतो आणि दाबलेला पाला दुसऱ्याच दिवशी जातो. बायकोची सकाळची शाळा असते. परवा तिच्यासाठी त्याच दुकानातून दुसरा संच आणला. तिनं घरी आल्या आल्या तिन्ही डबे पाण्यानं भरून वर्तमानपत्रावर पालथे ठेवले.