‘आर्मी डिस्पोजल’चे डिझेल कॅन विकत घेण्याआधी हे वाचा

लेह, स्पिती, झांस्कर या बाजूला स्वतःची डिझेल गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. वीस लिटरचे हिरवे पत्र्याचे कॅन ‘लष्कराच्या लिलावातला माल’ म्हणून विकणाऱ्या एका माणसाने आम्हाला फसवलं. पैसे गेले त्याचं दुःख आहेच. पण हे कॅन ज्या जागी फुटतात तिथे मदत मिळणं किती कठीण असतं, ते आम्ही पाहिलं. म्हणून सगळं सविस्तर सांगतो.

जादा डिझेल कशाला, असं काहीजण विचारतील. अटल बोगदा झाल्यापासून मनाली–लेह अंतर ४२८ किलोमीटर आहे. लाहौलमधल्या तांदीच्या पंपावरची ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ ही पाटी अनेकांनी फोटोत पाहिली असेल. सरळ रस्त्याने लेहला जायचं तर तांदीला टाकी भरली की पुरतं. आम्हाला मात्र मोरे प्लेन्सच्या पठारावरून आत वळून त्सो कार तलाव, पोलोकोंगका ला (‘ला’ म्हणजे खिंड), पुगा करत त्सो मोरिरी तलावाच्या काठी कोरझोकला जायचं होतं आणि पुढे माहे, चुमाथांगवरून सिंधूच्या खोऱ्यात उतरायचं होतं. वाळू, ओढे, लो गिअर, शिवाय रात्री थंडीत चालू ठेवलेलं इंजिन. हायवेला बारा देणारी पिकअप तिथे सात-आठवर येते. म्हणून चार कॅन, ऐंशी लिटर, असा हिशेब केला होता.

विकणारा बोलायला अतिशय गोड. ‘‘दादा, हा माल बाहेर मिळत नाही, डेपोतून थेट आलाय,’’ असं म्हणत त्याने कॅनवर ठोकलेलं साल आणि बाण (लष्करी मालाची खूण) दाखवला. एका कॅनमध्ये आमच्यादेखत पाणी भरून तो उलटा टांगला. थेंब पडला नाही. मग हळूच दुसरा विषय काढला: ‘‘डिझेल असं नेताना चेकपोस्टवर पकडतात. नागपूरच्या ऑफिसचं पत्र लागतं. ते मी कॅनबरोबर देतो, कॅनमागे पाचशे वेगळे.’’ लॅमिनेट केलेलं, गोल शिक्का असलेलं ते पत्र पाहून कुणाचाही विश्वास बसला असता, कारण पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा पाहणारं ‘पेसो’चं मुख्यालय खरोखरच नागपूरला आहे.

कायदा काय म्हणतो ते इथेच सांगतो, कारण ही लुबाडणूक त्याच्या अज्ञानावर उभी आहे. १९३४च्या पेट्रोलियम कायद्यात डिझेल ‘ब’ वर्गात येतं. एकूण २,५०० लिटरपर्यंत, आणि कोणतंही एक भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल तर, ते बाळगायला किंवा न्यायला परवाना लागत नाही. पेट्रोल ‘अ’ वर्गात. विक्रीसाठी नसेल तर त्याची मर्यादा ३० लिटर आणि धातूचं एक भांडं २५ लिटरपर्यंत. म्हणजे चार कॅन डिझेलसाठी कुठल्याही पत्राची गरजच नव्हती. पंपवाला कॅनमध्ये भरून द्यायला नाही म्हणू शकतो, तो भाग वेगळा. पण ‘परमिट’ विकणारा माणूस दिसला की तिथूनच मागे फिरा.

तांदीला कॅन भरले, पट्ट्यांनी हौद्यात आवळले. बारालाचा ला सुमारे ४,८९० मीटरवर आहे. तो ओलांडून सरचूला उतरेपर्यंत वास यायला लागला होता. कॅनच्या कुशी फुगलेल्या दिसत होत्या. फुगणं स्वाभाविक आहे. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जरा वर उरतो, आणि खाली बंद केलेली हवा बाहेर यायला धडपडते. वरून ऊन. चांगला कॅन हे सगळं सहज सोसतो, त्याची रचनाच त्यासाठी असते. आमच्यातल्या दोन कॅननी लाचुंग ला चढताना तळाच्या शिवणीतून डिझेल सोडलं. तंबू, अंथरूण, पीठ-तांदूळ सगळं भिजलं. त्याच हौद्यात गॅसची शेगडी होती, हे आठवलं की अजूनही छातीत धस्स होतं.

उरलेल्या दोनमधलं डिझेल पांगच्या पुढे टाकीत ओतलं आणि थोड्याच अंतरावर गाडीची ताकद गेली. फिल्टरचा दिवा लागला, मग इंजिन लिंप मोडमध्ये, म्हणजे बिघाड दिसला की ताकद आपोआप कमी करून चालतं तसं. एक हिमाचली ट्रकचालक आपली गाडी थांबवून आला. त्याने वॉटर सेपरेटर (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा भाग) उघडून निचरा केला, तर तळाशी हिरवट काळे पापुद्रे. कॅनच्या आत कोणीतरी साधा रंग ओतून फिरवला होता, डिझेलने तो मऊ होऊन सुटला होता. कॉमन रेल इंजिनात जास्त दाबाने डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरची छिद्रं अतिशय बारीक असतात. फिल्टरने कचरा अडवला म्हणून इंजेक्टर वाचले. त्या भल्या माणसाने पैसे घेतले नाहीत. त्सो कारचा बेत तिथेच सोडून आम्ही हळूहळू कारूपर्यंत आलो.

परत आल्यावर टँकरची वेल्डिंग करणाऱ्या एका ओळखीच्या काकांनी कॅन कापून दाखवला. तळाला पत्रा वेगळा जोडलेला होता, टाके विरळ होते, मधल्या फटींत गाडी रंगवणारे भरतात ती लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलेला. झाकणातलं रबर सायकलच्या ट्यूबमधून कापलेलं, डिझेलने फुगून निघालेलं. अस्सल जेरीकॅन, म्हणजे हा पत्र्याचा लष्करी कॅन, १९३७च्या सुमारास जर्मन सैन्यासाठी तयार झाला, तेव्हापासून त्याची बांधणी फारशी बदललेली नाही: दाबून घडवलेली दोन अर्धुकं आणि मधोमध खाचेत बसवलेली एकच सलग शिवण. तळाला वेगळा तुकडा नसतो. वर तीन मुठी असतात, तोंडाजवळ आत हवेची नळी असते. रिकामा कॅन चार किलोंच्या आसपास भरतो, आमचे जेमतेम अडीच किलोंचे निघाले.

मग पाण्याची परीक्षा कशी पास झाली? काका म्हणाले, ‘‘अरे, पाणी जिथे अडतं तिथून रॉकेल पाझरतं. आम्ही टाकी पाण्याने तपासतच नाही.’’ पाण्याचा पृष्ठताण डिझेलच्या दुपटीहून जास्त असतो, त्यामुळे बारीक फटीत ते शिरत नाही. विकणाऱ्याला हे नक्की ठाऊक होतं, म्हणून तर तो पाण्याचाच खेळ दाखवतो. काकांची पद्धत अशी: शिवणीवर बाहेरून चुन्याचा किंवा खडूचा पातळ लेप फासायचा, सुकू द्यायचा, मग आत थोडं रॉकेल किंवा डिझेल घालून शिवण त्यात बुडेल असा कॅन आडवा ठेवायचा. फट असेल तर पांढऱ्यावर काळपट तेलकट डाग उमटतो. दुकानात हे करू देत नसेल तर घेऊ नका. आत टॉर्च मारून बोट फिरवा, रंग नखाने निघतोय का पाहा. ‘लिलावाचा माल’ म्हणत असेल तर लॉटची कागदपत्रं मागा. लिलावात घेतलेल्या माणसाकडे ती असतातच.

पैसे यूपीआयने एका वैयक्तिक क्रमांकावर घेतले होते, पावतीवर दुकानाचा पत्ता खोटा निघाला, आता फोन बंद. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तीही तयारी चालू आहे. बनावट पत्राची प्रत पोलिसांना दिली आहे.

त्याच माणसाचे तेच फोटो गेल्या आठवड्यात वेगळ्या नावाने जाहिरातीत पुन्हा दिसले: निळ्या ताडपत्रीवर ओळीने मांडलेले कॅन, शेजारी पाण्याची बादली, आणि खाली ‘परमिटसह’ असं लिहिलेलं.