अ‍ॅनाकॉर्टेसहून किलर व्हेलची बोट: आई-बाबांना घेऊन गेलो होतो

आई-बाबा पुण्याहून इकडे सिएटलजवळ आलेत, स्पेस नीडल झाली, रेनियर झाला, आता काय दाखवायचं म्हणून मे महिन्यात अ‍ॅनाकॉर्टेसहून सुटणारी किलर व्हेलची बोट बुक केली. बेलव्ह्यूहून गाडीने दीडेक तास. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण कुरकुरही करायचीय.

आधी वेबसाइटवरचे फोटो विसरा. बोटीला खेटून हवेत उडी वगैरे आमच्या वाट्याला आलं नाही. इथे किलर व्हेलपासून निदान २०० यार्ड लांब राहायचा कायदाच आहे, आणि जे सदर्न रेसिडेंट नावाच्या गटातले, म्हणजे मासेच खाणारे, त्यातही मुख्य चिनूक सॅमन, आणि उरलेत सत्तरच्या आसपास, त्यांच्यापासून तर २०२५ पासून १००० यार्ड. त्यामुळे टूरवाले दाखवतात ते बहुतेक बिग्ज नावाचे दुसरे किलर व्हेल, म्हणजे सील आणि सी लायनवर जगणारे. दुर्बीण न्याच, मोबाइलच्या झूमवर विसंबलात तर घरी येऊन काळे ठिपके मोजत बसाल.

पहिला दीड तास काहीच नाही. नुसतं गार वारं, आणि आईच्या पर्समधली अ‍ॅव्होमिन सगळ्यांना वाटून झाली. मग सॅन वॉन बेटाच्या पश्चिमेला बोट एकदम हळू झाली, इंजिनाचा आवाज पडला आणि दिसायच्या आधी ऐकू आलं, फूऽऽस, कुकरची वाफ सोडल्यासारखं. मग पाठीवरचं फिन वर आलं. मोठ्या नराचं फिन सहा फुटांपर्यंत जातं म्हणे, म्हणजे बाबांपेक्षा उंच, ते पाण्यातून सरळ वर येत राहतं आणि संपतच नाही. चौघं होते, वर यायचे, गायब व्हायचे, भलतीकडेच निघायचे. बिग्ज शिकारीच्या वेळी जवळपास गप्प असतात, कारण सीलला पाण्याखाली छान ऐकू येतं.

बोटीवरची नॅचरलिस्ट मुलगी मात्र कमाल. फिनवरची खाच आणि मागचा राखाडी पट्टा बघून अल्बममधून कोण ते ओळखत होती, ही पद्धत मायकल बिग यांनी १९७०च्या दशकात कॅनडात बसवली, ‘बिग्ज’ हे नाव त्यांचंच. ती म्हणाली यांच्यात मुलगे बरेचदा जन्मभर आईबरोबरच राहतात. आईने माझ्याकडे बघितलं. मी दुर्बीण डोळ्याला लावली.

आता कुरकुर. व्हेल दिसला की सगळी बोट एकाच बाजूला, म्हाताऱ्यांना जागा सोडायचं कुणाच्या गावीही नाही, स्टाफही काही बोलत नाही. मेल केला तर ठोकळेबाज उत्तर आलं. कॉफी महाग आणि पाणचट, थर्मास न्या. आणि ‘व्हेल दिसला नाही तर पुढची फेरी फुकट’ हे नीट वाचा, त्यात किलर सोडून भलत्याच जातीच्या मिंकी व्हेलची पाठ दोन सेकंद दिसली तरी ‘दिसला’ धरतात. बोट लागत असेल तर सरळ सॅन वॉन बेटावरच्या लाइम किल्न पार्कला जा, किनाऱ्यावरूनच नशिबात असले तर दिसतात. वर बेटावर जायच्या फेरीबोटीचं तिकीट आहेच, पण अ‍ॅव्होमिन कमी लागेल.