केईएची ऑप्शन एंट्री: ब्रँच ठरवायला तिचा उपयोग किती?

सीईटीचा (कर्नाटकाच्या प्रवेश परीक्षेचा) रँक हातात आला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत पहिला प्रश्न निघतो, एवढ्यात काय मिळेल? केईएची (कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाची) ऑप्शन एंट्री, म्हणजे कॉलेज-ब्रँचची पसंतीक्रमाने भरायची ऑनलाइन यादी, या प्रश्नाला चोख उत्तर देते. इंजिनिअरिंगचा रँक पीयूसीचे (बारावीचे) पीसीएमचे, म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणिताचे गुण आणि सीईटीचे गुण निम्मे-निम्मे धरून लागतो. त्या रँकवर संगणक तुमची यादी वरून खाली वाचत जातो आणि जिथे पहिल्यांदा जागा सापडते ती देतो. यादी कितीही लांब करता येते. आवाक्याबाहेरचं कॉलेज सगळ्यात वर टाकलं म्हणून खालची जागा हातची जात नाही. तरीही पुष्कळ जण 'मिळण्यासारखं' कॉलेज आधी भरतात आणि मनातलं त्याच्या खाली ठेवतात. मग वरचं मिळालं की खालच्याचा विचारच होत नाही.

या सेवेतला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे मॉक अलॉटमेंट. खऱ्या फेरीआधी याच यादीवर काय मिळालं असतं ते दिसतं, आणि त्यानंतर क्रम बदलायला मुदत असते. मॉकमध्ये जागा मिळाली म्हणून निवांत बसू नये. इतरही आपापल्या याद्या बदलत असतात, त्यामुळे खऱ्या फेरीत चित्र हलतं.

मागच्या वर्षांचे कटऑफ केईए देते, पण कुठला रकाना वाचायचा इथे आपल्याकडची मुलं अडखळतात. जीएमके म्हणजे पहिली ते दहावी कन्नड माध्यम. मराठी शाळेतल्या मुलांना तो लागू नाही, त्यावर हिशेब मांडू नये. दहाही वर्षं कर्नाटकातल्या ग्रामीण शाळेत झाली असतील तर ग्रामीण कोट्याचा, जीएमआरसारखा रकाना पाहावा. त्यासाठी शाळेच्या दाखल्यावर बीईओंची (गटशिक्षणाधिकाऱ्यांची) प्रतिस्वाक्षरी लागते. मराठा समाज कर्नाटकात ३बी या आरक्षण गटात येतो. नाडकचेरीतून (स्थानिक महसूल कार्यालयातून) त्याचा दाखला आधीच काढून त्यावरचा आरडी नंबर अर्जात बरोबर भरावा.

ब्रँच कुठली घ्यावी याबद्दल मात्र पोर्टल गप्प आहे. तिथे कॉलेज आणि ब्रँच यांचे कोड दिसतात, ब्रँचमध्ये काय शिकवतात ते नाही. म्हणून ब्रँच ठरवूनच लॉगिन करावं. सोपा मार्ग असा: व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) संकेतस्थळावरून त्या ब्रँचची स्कीम, म्हणजे सेमिस्टरवार विषयांची यादी, उतरवून तिसऱ्या ते सहाव्या सेमिस्टरचे विषय वाचावेत. पहिल्या वर्षाचे बरेच विषय सगळ्यांना सारखेच असतात, त्यावरून काही कळत नाही. बेळगावच्या जीआयटीसारखी (गोगटे इन्स्टिट्यूट) स्वायत्त कॉलेजं स्वतःचा अभ्यासक्रम लावतात, तो त्यांच्याच साइटवर पाहावा.

नोकरीच्या बाजूनेही तपासावं. हेस्कॉममध्ये (हुबळीच्या सरकारी वीजपुरवठा कंपनीत) इलेक्ट्रिकल असिस्टंट इंजिनिअर व्हायचं असेल तर यादीत इलेक्ट्रिकल हवं. 'जवळजवळ तेच' म्हणून इलेक्ट्रॉनिक्स घेतलं की पुढे जाहिरातीतली पात्रतेची अटच आडवी येते. पाटबंधारे किंवा बांधकाम खातं मनात असेल तर सिव्हिल. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्या, मशीन शॉप आणि हायड्रॉलिक्सचे कारखाने, हत्तरगीचं विमानांचे सुटे भाग बनवणारं एसईझेड (विशेष आर्थिक क्षेत्र) हे सगळं मेकॅनिकलचं क्षेत्र आहे. बेळगावात राहूनच उत्पादनात काम करायचं असेल, तर केवळ चलती आहे म्हणून मेकॅनिकलच्या वर कॉम्प्युटर भरणं आम्हाला पटत नाही. प्रोग्रामिंगची खरी आवड असेल तर कॉम्प्युटर जरूर घ्यावं. तिथे साधं सीएस (कॉम्प्युटर सायन्स) आणि एआय-एमएल (कृत्रिम बुद्धिमत्ता व मशीन लर्निंग) यांची स्कीम शेजारी ठेवून किती विषय खरोखर वेगळे आहेत ते मोजावं.

पहिल्या फेरीनंतर चार पर्याय येतात. चॉइस १ म्हणजे जागा पक्की. २ म्हणजे जागा राखून वरच्या ऑप्शनसाठी थांबणं. ३ म्हणजे ही जागा सोडून पुढच्या फेरीत जाणं आणि ४ म्हणजे बाहेर पडणं. घोळ होतो तो २ मध्ये. वरचं काही मिळालं की आधीची जागा आपोआप जाते, ती परत मागता येत नाही. म्हणून चॉइस २ देण्याआधी मिळालेल्या जागेच्या वरची प्रत्येक ओळ तपासावी आणि 'मिळालं तरी जाणार नाही' अशी नोंद काढून टाकावी.

कोल्हापूर-पुण्याकडे ओढा असणाऱ्यांना दुसरं दारही आहे. वादग्रस्त सीमाभागातल्या संस्थेतून शिकलेल्या, तिथले रहिवासी असलेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्राच्या कॅपमध्ये (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत) 'ई' प्रकारातून महाराष्ट्राचे उमेदवार धरतात. त्यासाठी सीमाभागाचा आणि मातृभाषेचा असे दोन दाखले ठरलेल्या नमुन्यात लागतात. महाराष्ट्राची प्रवेश परीक्षा, एमएचटी-सीईटी, मात्र वेगळी द्यावी लागते. तिच्यात गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला २ गुण असतात आणि सुमारे २० टक्के भाग अकरावीचा असतो. केवळ कर्नाटकाच्या सीईटीच्या तयारीवर बसू नये. कॅपचा एक नियम तिथे यादी भरताना लक्षात ठेवावा: पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचीच जागा मिळाली तर ती आपोआप पक्की होते, पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही.