बीएलएस (हृदय-श्वास बंद पडल्यावर जीव वाचवण्याचं प्राथमिक कौशल्य): मिरजेला दिवसभराचा कोर्स की वॉर्डातच महिन्याला दहा मिनिटं?

जत किंवा आटपाडीच्या ग्रामीण रुग्णालयातून दोन सिस्टर एकदम कोर्सला पाठवल्या की ड्यूटीचा घोळ होतो, हे खरंच. तरी पहिल्यांदा शिकणाऱ्याला दिवसभराचा कोर्सच हवा: छातीवर ३० दाब–२ कृत्रिम श्वास (सीपीआर), एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र), बाळाचं सीपीआर, वर परीक्षा. पास झाल्याचं कार्ड दोन वर्षं चालतं. हात मात्र तीन ते सहा महिन्यांतच विसरायला लागतो.

तिथे वॉर्डातला सराव सरस. सरावाचा पुतळा जमिनीवर नको, रुग्णाच्या खाटेवरच ठेवा. गादी दबते आणि छातीच ५ सेंमी खाली गेली असं उगाच वाटतं. पाठीखाली फळी सरकवा, खाट उंच असेल तर स्टूलवर उभे राहा. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंमी, दोन मिनिटांनी माणूस बदला, आणि तोही १० सेकंदांच्या आत. दमलेला माणूस छातीवर रेलून राहतो. मग छाती पूर्ण वर येत नाही, हृदयात रक्त भरत नाही. अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) एकट्याने वापरली की मास्कच्या कडेने हवा सुटते. एकाने दोन्ही हातांनी मास्क धरावा, दुसऱ्याने बॅग दाबावी.

वॉर्डातली उणीव एकच, पण मोठी: चूक दाखवणारं कोणी नसतं. पुरेसा दाब पडला की टक्‌ वाजणारा पुतळा घ्या, नाहीतर चुकीचंच हातात बसतं.