कोपरे की जोड्या? पहिली-दुसरीच्या खेळाच्या तासासाठी काय निवडावं

पहिली-दुसरीत खेळातून शिकवावं की नाही, हा वाद आता फारसा उरलेला नाही. अडतं ते पुढे. अर्धा तास हातात, समोर तीसेक मुलं, आणि या तासाला आकार कसा द्यायचा हे ठरत नाही. मी दोन पद्धती पुरेशा वापरल्या आहेत. एकीत वर्गाचे कोपरे पाडायचे (ठोकळ्यांचा, दुकान-दवाखान्याचा, वाचनाचा, कोड्यांचा) आणि मुलांचे गट त्यांतून फिरवायचे. दुसरीत सगळ्यांना दोघादोघांत बसवायचं आणि प्रत्येक जोडीपुढे एक पट-फासा किंवा पत्त्यांची थप्पी ठेवायची.

सगळ्या वर्गाला गोलात उभं करून एकच खेळ घेण्याचा तिसरा पर्याय मी इथे धरलेला नाही. तीस मिनिटं तीस मुलांत वाटली की एकाच्या वाट्याला एक मिनिट येतं आणि उरलेली एकोणतीस मिनिटं तो दुसऱ्यांकडे बघत असतो. त्यातही 'बाद' होण्याचा खेळ असेल, तर ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज तोच आधी बाद होऊन भिंतीला टेकतो. सकाळी आळस झटकायला ते खेळ उत्तम. शिकण्याचं काम त्यांच्यावर सोपवायला मी धजत नाही.

आधी कोपऱ्यांबद्दल. त्यांची परंपरा मोठी आहे. शिक्षणतज्ज्ञ फ्रीडरिश फ्रोबेल यांनी 1837 मध्ये जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांच्या खेळाची संस्था काढली आणि 1840 मध्ये तिला 'किंडरगार्टन' हे नाव दिलं, तेव्हापासून ठोकळे हे शिकण्याचं साधन मानलं जाऊ लागलं. पुढे अमेरिकेत कॅरोलाइन प्रॅट यांनी लाकडी ठोकळ्यांना एक शिस्त लावली. मूळ ठोकळ्याची लांबी रुंदीच्या दुप्पट, रुंदी जाडीच्या दुप्पट, आणि बाकीचे ठोकळे त्याचेच अर्धे, दुप्पट, चौपट. ही शिस्त कागदावर किरकोळ वाटते. पण पूल बांधणाऱ्या मुलाला लांब ठोकळा सापडला नाही की तो दोन आखूड ठोकळे शेजारी ठेवतो, ते तंतोतंत बसतात, आणि 'दोन अर्धे म्हणजे एक' हे कुणी न सांगता त्याच्या हाताला कळतं. हे फळ्यावर होत नाही आणि फाशानेही होत नाही.

भाषेच्या बाबतीतही कोपऱ्यांना तोड नाही. दुकानाच्या कोपऱ्यात विक्रीपेक्षा वाटाघाटी जास्त चालतात. "तू गिऱ्हाईक. नाही, तू आत यायचं नाही, आधी बाहेरून भाव विचारायचा. मग मी सांगणार संपलंय." सहा वर्षांचं मूल एरवी इतकी लांब, अटी घातलेली वाक्यं बोलत नाही. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांनी 1933 च्या एका व्याख्यानात असं मांडलं होतं की काल्पनिक खेळात मूल आपल्या रोजच्या वागण्याच्या वरच्या पातळीवर वावरतं. दवाखाना-दवाखाना खेळणारी मुलं पाहिली की ते पटतं. एरवी जागेवर बसवत नाही असा मुलगा 'पेशंट' झाला की निश्चल पडून राहतो, कारण खेळाचा तसा नियम असतो.

मग अडलं कुठे? सामान आवरण्यावर नाही. आवरणं कटकटीचं असलं तरी तेही शिकणंच आहे. कोपरे बदलायची टाळी वाजल्यावर दुकान ऐन रंगात असताना मोडावं लागतं, तेही मी चालवून घेतलं. गटांनी दिवसाला एकच कोपरा घ्यायचा असं ठरवलं की तो प्रश्न बराचसा मिटतो.

मला नको झालं ते एक वाक्य. "सर, बरोबर आहे का?"

ठोकळे आणि दुकान सोडले, तर बाकीच्या कोपऱ्यांत मूल काहीतरी पुरं करतं: कोडं जुळवतं, बेरजेचं कार्ड सोडवतं, शब्दाखाली चित्र लावतं. पुरं झालं की त्याला कुणीतरी ते बघायला हवं असतं, आणि वर्गात ते 'कुणीतरी' एकच. मी वाचनाच्या कोपऱ्यात एका अडखळणाऱ्या मुलीजवळ बसलोय, ती 'कि' आणि 'की' यांतला फरक मनापासून लावतेय, आणि माझ्या खांद्यापाशी चार जण कार्डं घेऊन उभे. एकाला 'हो' म्हणेपर्यंत दुसरा येतो. जो आला नाही तो सगळं चुकीचं लावून खुशाल बसलेला असतो, तो वेगळाच. खेळाच्या तासाला शिक्षक खिडकीमागचा कारकून होतो, शिक्के मारत बसणारा. ज्या मुलांजवळ बसण्यासाठी हा तास मांडला, त्यांच्याजवळ बसायलाच मिळत नाही.

यावर उपाय नाहीत असं नाही. माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह सुरू केलं, आणि त्यांच्या साधनांची मोठी खुबी हीच की चूक साधनातच दिसते. लाकडी ठोकळ्यात दहा खाचा आणि दहा दट्ट्या. एक चुकीच्या खाचेत गेली की शेवटी एक उरते किंवा बसतच नाही. कुणाला विचारायची गरज पडत नाही. फार सुंदर कल्पना आहे. पण दट्ट्यांना जे जमतं ते वजाबाकीला सहज जमत नाही. कार्डाच्या मागे उत्तर लिहून पाहिलं. मुलांनी आधी मागची बाजू बघितली, मग पुढची सोडवली. त्यांना दोष कसा देणार? मीही तेच केलं असतं.

जोडीच्या खेळात ही तपासणी कुणी न नेमता होते, कारण समोर प्रतिस्पर्धी बसलेला असतो. एकाने चार पाडले आणि पाच घरं सरकला, तर दुसऱ्याला ते खपत नाही. "ए, उभा आहेस ते घर नाही मोजायचं!" हे वाक्य मी फळ्यापाशी किती वेळा सांगितलं असेल, पण समोरच्याच्या तोंडून आलं की लगेच लागू पडतं. त्याचं लक्ष माझ्यासाठी नसतं, स्वतःचा डाव वाचवण्यासाठी असतं. म्हणजे आपली चाल नसतानाही तो मोजतच असतो. दोघांच्या खेळात तसा रिकामा कुणी बसत नाही. एकदा डाव लागले की पंधरा जोड्यांत पंधरा तपासनीस असतात आणि मी मोकळा असतो. मी जाऊन एका जोडीजवळ बसतो, ऐकतो, आणि कोण अजून बोटांवर एकापासून मोजतोय हे पाच मिनिटांत कळतं.

अंकांच्या पटाबद्दल संशोधनही बोलकं आहे. रॉबर्ट सीगलर आणि गीता रमणी यांनी 2008 मध्ये दाखवलं की 1 ते 10 अंक सरळ रेषेत असलेल्या पटावर थोडेसे डाव खेळलेल्या मुलांची संख्यांची समज सुधारली. अंकांऐवजी रंगांची घरं असलेला तसाच खेळ खेळलेल्या मुलांत ते झालं नाही. नंतर गोल पट वापरून पाहिला, त्याचाही सरळ पटासारखा उपयोग झाला नाही. ती मुलं आपल्या पहिलीहून लहान होती, त्यामुळे मी ते जसंच्या तसं लावत नाही. पण एक गोष्ट उचलली. सोंगटी सरकवताना मूल काय म्हणतं याला महत्त्व आहे. 4 वर असताना 3 चं दान पडलं तर 'एक, दोन, तीन' म्हणायचं नाही, 'पाच, सहा, सात' म्हणायचं. या एवढ्या नियमाने पुढे मोजत जाणं रुजतं.

याच कारणाने पहिलीत मी सापशिडी लवकर काढत नाही. तिच्यात ओळ संपली की अंक उलट दिशेने वळतात. 10 च्या डोक्यावर 11, मग उजवीकडून डावीकडे. ज्याची दिशा अजून पक्की नाही ते मूल तिथे हमखास मागे जातं आणि भांडण अंकांवरून न होता रस्त्यावरून होतं. 1 ते 20 ची सरळ पट्टी पुरते. फासाही सुरुवातीला 1, 2, 3 दोन-दोनदा लिहिलेला. सहा ठिपक्यांचा फासा नंतर. तीन-चार ठिपके मूल न मोजता ओळखतं, पण पाच-सहाची मांडणी डोळ्यात बसायला थोडे डाव जावे लागतात.

दुसरीत मला सगळ्यात आवडतो तो दोन फाशांच्या शर्यतीचा खेळ. 1 ते 12 असे बारा घोडे, प्रत्येकाने दोन-तीन निवडायचे, दोन फाशांची बेरीज येईल तो घोडा एक घर पुढे. 1 मी मुद्दाम ठेवतो. कुणीतरी तो निवडतोच, आणि तो घोडा का हलत नाही हे कळायला त्याला बराच वेळ लागतो. 12 मोठा म्हणून त्यावर सगळ्यांच्या उड्या पडतात. दोन फाशांच्या 36 शक्यतांपैकी 12 ची एकच आणि 7 च्या सहा, हे मी सांगत नाही. आठवड्याभरात 7 साठी भांडणं सुरू होतात, तेव्हा समजायचं की काम झालं. तोवर किती बेरजा तोंडी झाल्या याचा हिशेब मुलं ठेवत नाहीत.

वाचनाला हे जमत नाही असं वाटेल, पण जमतं. कोऱ्या फाशाच्या सहा बाजूंवर ा, ि, ी, ु, ू, े लिहायचे आणि व्यंजनांच्या पत्त्यांची थप्पी पालथी ठेवायची. पत्ता उचलायचा, फासा टाकायचा, जे जुळेल ते मोठ्याने वाचायचं. बरोबर असेल तर पत्ता आपला, चूक असेल तर समोरच्याचा. समोरचा कान टवकारून बसतो, कारण पत्ता त्याला हवा असतो. ऱ्हस्व वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि वाचताना नंतर. तिथे जी मुलं ठेचकाळतात त्यांची गाडी या खेळाने सुरळीत झालेली मी पाहिली आहे.

आता जोड्यांचे वाईट गुण, कारण ते आहेत. रडारड होते. हरलेलं मूल पट उधळतं, रडीचा डाव होतो. नशिबावर चालणारे खेळ जास्त ठेवले तर हे कमी होतं, कारण कच्चं मूलही निम्म्या वेळा जिंकतं. दुसरं, हुशार जोडीदार दुसऱ्याची सोंगटीही स्वतःच सरकवतो. म्हणून मी फार अंतर असलेली जोडी लावत नाही. एक उन्नीस आणि एक वीस, एवढंच. फाशाचा आवाज आणि बाकाखाली गेलेला फासा शोधण्याचे प्रकार यांनी मीही वैतागलो होतो. पारदर्शक झाकणाच्या छोट्या डबीत फासा बंद करून डबीच हलवायची, हा उपाय पुरेसा ठरला. आणि सगळ्यात मोठी उणीव म्हणजे फाशाच्या खेळात कल्पनेला जागा नाही. तिथे कुणी डॉक्टर होत नाही की पूल बांधत नाही.

त्यामुळे तुमच्या वर्गात पंधराच मुलं असतील, किंवा मदतीला दुसरं माणूस असेल, तर कोपरे खुशाल घ्या. तिथे माझी तक्रार लागूच पडत नाही. मुलं नुकतीच शाळेत आलेली, बुजलेली असतील तरीही सुरुवातीचे आठवडे कोपरेच बरे. अनोळखी मुलासमोर हरायला बसवण्यापेक्षा ठोकळे सोपे. पण एकटे असाल, मुलं जास्त असतील आणि कोण कुठे अडलंय हे समजून घ्यायचं असेल, तर मी जोड्यांकडे झुकेन. माझ्या वर्गात चार दिवस जोड्या असतात आणि एक दिवस ठोकळे नि दुकान. कोड्यांचा आणि कार्डांचा कोपरा मी मोडला, त्याची आठवण कुणी काढली नाही.

विषम संख्येचं काय, हे नेहमी विचारलं जातं. उरलेल्या मुलाला तिसरा खेळाडू करू नका, चाल येईपर्यंत तो रेंगाळतो. त्याला एखाद्या जोडीचा पंच करा आणि डाव संपला की हरलेल्याच्या जागी बसवा. हरलेला मग पंच होतो. पंच व्हायला मिळणार म्हटल्यावर रडणारेही फार वेळ रडत नाहीत.