पॉइंटवर डॅलस: महाराजा क्लब, एव्हिऑस की क्रिसफ्लायर?

लातूरहून दाजींचा फोन आला तेव्हा मी दुकानात सळईचा माल उतरवून घेत होतो. भाची डॅलसला असते, तिला तिसरा महिना लागलाय. बाळंतपणाला ताई आणि दाजी दोघंही निघणार. ताईचे गुडघे गेल्या दोन वर्षांपासून साथ देत नाहीत, सोळा तास पाय मुडपून बसणं तिला जमायचं नाही. "माझ्या क्रेडिट कार्डावर तीन लाख पॉइंट साठलेत म्हणे," दाजी म्हणाले, "त्यात दोघांचं बिझनेस क्लास बसतं का बघ बरं."

जालन्यात सळई विकणाऱ्या माणसाला हे का विचारायचं, तर मी गेली काही वर्षं धंद्याचा खर्च कार्डावर फिरवून एक-दोनदा असा प्रवास केलाय. त्यातलं एकदा चांगलंच हात पोळून घेतलेत, ते पुढं येईलच.

पहिल्यांदा दाजींचा तीन लाखांचा आनंद जरा उतरवावा लागला. बँकेचे पॉइंट म्हणजे विमान कंपनीचे पॉइंट नव्हेत. ते वळवावे लागतात आणि प्रत्येक कार्डाचं प्रमाण वेगळं. कुठं एकास एक, कुठं दोनास एक, कुठं त्याहून वाईट. दोनास एक असेल तर तीन लाखांचे दीडच होतात. काही बँका वर्षाला किती वळवता येतील यावरही मर्यादा घालतात. एकदा वळवले की परत येत नाहीत.

आता वळवायचे कुठं? एअर इंडियाचा महाराजा क्लब आणि ब्रिटिश एअरवेज-कतारवाल्यांचे एव्हिऑस, खरी लढत या दोघांत. सिंगापूर एअरलाइन्सची क्रिसफ्लायर तिसरी.

महाराजा क्लबकडं आपला ओढा साहजिक आहे. विस्तारा 12 नोव्हेंबर 2024ला एअर इंडियात विलीन झाली आणि तिचे पॉइंटही इकडंच आले, त्यामुळं अनेकांच्या खात्यात आधीचेच काही पडलेले असतात. मराठवाड्यातून याचा एक मोठा फायदा म्हणजे चिकलठाण्याहून एअर इंडियाची मुंबई-दिल्लीची फ्लाईट त्या दिवशी जुळली, तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर होतो. बॅग छत्रपती संभाजीनगरला टाकायची आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढचं बसवून देणं कंपनीच्या गळ्यात. वेगळी तिकिटं काढली की हा भार आपल्या डोक्यावर. एअर इंडिया 2014पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात असल्यानं तिच्या पॉइंटवर लुफ्तान्सा, युनायटेड अशा भागीदारांच्या विमानातही जागा मिळते.

पण डॅलसला एअर इंडिया जात नाही. म्हणजे न्यूयॉर्क किंवा नेवार्कला उतरायचं आणि पुढं युनायटेडसारखं देशांतर्गत विमान. अमेरिकेत इमिग्रेशन पहिल्या उतरण्याच्या ठिकाणी होतं. तिथं बॅगा घ्यायच्या, पुन्हा टाकायच्या, सुरक्षातपासणीतून पुन्हा जायचं. ताईला इंग्रजीत "कशासाठी आलात" एवढं कळतं, पुढचा प्रश्न आला की ती दाजींकडं बघते आणि दाजी तिच्याकडं. हे सगळं अनोळखी विमानतळावर, पुढचं विमान पकडायच्या घाईत. आणि विमान कोणतं येईल याचाही प्रश्न आहे. नव्या ए-350मध्ये दार असलेली केबिन आहे, जुन्या बोइंग 777मधली आसनं जुनी आहेत. पॉइंट तेवढेच देऊन कोणतं नशिबी येतं, ते तिकीट काढताना विमानाचा प्रकार बघूनच ठरवायचं.

एव्हिऑसचं गणित वेगळं. हे एकच चलन ब्रिटिश एअरवेज, कतार एअरवेज, फिनएअर, आयबेरिया अशा अनेकांत चालतं आणि या खात्यांत इकडून तिकडं फुकट फिरवता येतं. दाजींच्या कामाचे त्यातले दोन. ब्रिटिश एअरवेजनं लंडनमार्गे आणि कतारनं दोहामार्गे, दोन्हीकडं एकदाच विमान बदलून थेट डॅलस. इमिग्रेशन डॅलसलाच, दाराबाहेर जावई उभा. माझ्या दृष्टीनं निम्मा निकाल इथंच लागला.

दोघांत भाव बघताना नुसते पॉइंट बघू नका, वरून भरायची रोख रक्कमही बघा. ब्रिटिश एअरवेज पॉइंटच्या तिकिटावरही कंपनीचा अधिभार बराच लावते. लंडनमध्ये मुक्काम करून पुढं निघालात तर ब्रिटन सरकारचा प्रवासी कर वेगळा आणि बिझनेसला तो जास्त असतो. त्यांची एक गोष्ट मात्र मानली पाहिजे. लांब पल्ल्याच्या प्रत्येक विमानात निदान चार बिझनेस जागा पॉइंटवाल्यांसाठी ठेवण्याचं त्यांचं वचन आहे. प्रवासाच्या 355 दिवस आधी, आपल्याकडं पहाटे साडेपाचला, म्हणजे दूधवाल्याच्या वेळेला त्या खुल्या होतात. ज्यांची तारीख वर्षभर आधी ठरते, लेकराचा पदवीदान समारंभ वगैरे, त्यांनी गजर लावून उठावं. बाळंतपणाला याचा उपयोग शून्य. आपल्याला कळतं तेव्हाच जेमतेम सहा महिने उरलेले असतात.

कतारच्या बिझनेस केबिनला, म्हणजे क्यूस्वीटला, दार आहे आणि मधल्या दोन जागा जोडून घेता येतात, नवरा-बायकोला सोयीचं. सगळ्या विमानांत ती नसते, तेवढं तपासा. जागा कमी सुटतात, सुटल्या तर एखाददुसरी. दोन हव्या असतील तर शोधताना सुरुवातीपासून प्रवासी दोनच टाका. एक टाकून जागा बघितली आणि हुरळून गेलो, असं माझंही झालंय.

क्रिसफ्लायर चांगलीच योजना आहे. सिंगापूर एअरलाइन्स आपल्या बिझनेसच्या स्वस्त जागा बहुतेक आपल्याच सदस्यांना देते, जागा नसेल तर प्रतीक्षायादीत नावही लावता येतं. लेक सिडनीला किंवा मेलबर्नला असती तर मी दुसरीकडं बघितलंही नसतं. डॅलससाठी सिंगापूरला जाणं म्हणजे लातूरहून सोलापूरला निघालेल्या माणसानं आधी नांदेड गाठणं. शिवाय त्यांचे पॉइंट, म्हणजे माइल्स, तीन वर्षांत मरतात आणि दुसऱ्यासाठी तिकीट काढायचं तर त्याचं नाव आधी नॉमिनी म्हणून नोंदवावं लागतं. एअर फ्रान्स-केएलएमचं फ्लाइंग ब्लू युरोपवाल्यांनी बघावं. दर महिन्याला काही मार्गांवर सवलत निघते, पण एरवी भाव मोंढ्यासारखा रोज हलतो.

हे सगळं परवडतं का, हा हिशेब दाजी आडत्या असल्यानं लगेच निघाला. समजा बिझनेसचं रोख तिकीट 2,60,000चं आहे आणि तेच 95,000 पॉइंट अधिक 25,000 रुपये करात मिळतंय. म्हणजे पॉइंटला जवळजवळ अडीच रुपये सुटले. कार्डवाल्यांचे लेख इथंच थांबतात. दाजी थांबले नाहीत. "मी दोन लाख साठ हजार रोख कधी दिले असते का?" नसतेच दिले. त्यांनी सत्तर हजारांचं इकॉनॉमी काढलं असतं. मग वाचले 45,000, पॉइंटला 47 पैसे. उरलेली किंमत ताईच्या गुडघ्यांची, ती ज्यानं त्यानं लावावी. गुडघे धड असतील तर मी पॉइंट मोडू नका म्हणेन.

निघायचं कुठून, यातही फरक पडतो. लातूर-नांदेडकरांनी मुंबईचा हट्ट सोडावा. बीदर-झहीराबादवरून हैदराबादचं शमशाबाद विमानतळ पाच-सहा तासांत येतं. हैदराबादहून कतारही आहे, ब्रिटिश एअरवेजही. जालना-संभाजीनगरकरांना मुंबई बरी. नागपूरहूनही दोह्याला विमान आहे आणि जालन्याहून समृद्धीवरून नागपूर सोपं पडतं, हे आपल्याकडं फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. तिन्ही शहरं टाकून शोधा. एका ठिकाणी नसलेली जागा दुसऱ्या ठिकाणाहून दिसते.

आता पोळलेल्या हाताची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी एका परदेशी कंपनीच्या साइटवर मला दोन जागा दिसल्या. मी दुकान बंद करता करता सगळे पॉइंट वळवून टाकले. बँकेकडून ते पोचायला तीन दिवस लागले आणि तिसऱ्या दिवशी जागा गायब. माइल्स आजही तिथंच पडून आहेत. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. विमान कंपनीचं खातं आधी उघडायचं, पासपोर्टवर आहे तसंच नाव घालून, कारण ताईच्या पासपोर्टवर तिच्या नावामागं दाजींचं नाव लागलेलं आहे आणि बँकेत नुसती आद्याक्षरं. मग जागा शोधायची, तीच जागा दुसऱ्या भागीदाराच्या साइटवरही दिसते का बघायचं. एकाच ठिकाणी दिसणारी जागा कधी कधी भुताटकी असते, पैसे भरायला गेलं की नाही. मग थोडे पॉइंट वळवून किती वेळ लागतो ते पारखायचं आणि शेवटी बाकीचे.

आणखी एक डोळ्यात तेल घालून बघायची गोष्ट. स्क्रीनवर 'बिझनेस' लिहिलेलं असतं, पण उघडून बघितलं तर हैदराबाद-दोहा एवढंच बिझनेस आणि दोहा-डॅलस इकॉनॉमी. चार तास पाय पसरायचे आणि सोळा तास मुडपायचे. दाजींच्या शोधात हे तीनदा आलं.

शेवटी दाजींचे पॉइंट एव्हिऑसमध्ये गेले. जायची तारीख त्यांनी बाळंतपणाच्या पाच आठवडे आधी घेतली आणि आठवड्याचा कोणताही वार चालेल म्हणाले. म्हणूनच बुधवारच्या दोन जागा सापडल्या, हैदराबादहून, क्यूस्वीटच्या. परतीचं मी मुद्दाम काढलेलं नाही. येणं-जाणं वेगवेगळ्या योजनांवर काढता येतं आणि न विकलेल्या जागा कंपन्या कधी कधी शेवटच्या दोन आठवड्यांत पॉइंटवाल्यांना सोडतात. तोवर साधं, तारीख बदलता येणारं इकॉनॉमीचं तिकीट हाताशी ठेवलंय. ताईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "येताना बसून आले तरी चालंल, तोवर गुडघ्याला सवय होईल," आणि मेथीचे लाडू बॅगेत किती किलो चालतात ते विचारायला लागली.